ह्युमिडिफायर धुताना

दुबईत, करामातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, शनिवारी सकाळी ओट्यावर दोन यंत्रं उघडून ठेवलेली असतात: मुलीच्या खोलीतला ह्युमिडिफायर आणि हॉलमधला सुगंधी तेलाचा डिफ्यूझर. आधी प्लग काढायचा, शिळं पाणी ओतून द्यायचं आणि टाकीच्या आतून बोट फिरवायचं. बुळबुळीत लागलं तर समजावं, जंतूंनी बिऱ्हाड थाटलंय.

तळाशी नाण्याएवढी चकती असते. ती सेकंदाला सुमारे १७ लाख वेळा थरथरते आणि पाण्याचं धुकं करते. इथे पाणी उकळत नाही, त्यामुळे त्यातले क्षार, जंतू, जे काही असेल ते धुक्याबरोबर हवेत जातं. टीव्हीच्या काळ्या काचेवर पुसूनही पुन्हा बसणारी पांढरी भुकटी ती या क्षारांचीच. चकतीवरचे क्षार काढायला व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं ओतून वीस मिनिटं ठेवते, मग मऊ ब्रश. सुरीने खरवडलं की चकती गेलीच. व्हिनेगरने क्षार निघतात, जंतूंसाठी मात्र ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं. त्यानंतर टाकी दोन-तीनदा खळखळून धुवायची आणि कोरडी होऊ द्यायची. व्हिनेगरमध्ये ब्लीच कधीही मिसळू नये, क्लोरीन वायू सुटतो. रोज वापर असेल तर पाणी रोज बदलावं आणि दर तीन दिवसांनी धुवावं. ‘पाण्यातच जंतुनाशक टाकू, धुवायची कटकट नको’ असं वाटतं, पण दक्षिण कोरियात तसंच औषध विकलं जात होतं. त्यानेच लहान मुलं आणि बाळंतिणी फुप्फुसं निकामी होऊन दगावत असल्याचं २०११ मध्ये उघड झालं, तेव्हा ते थांबलं.

इथला खरा प्रश्न पाण्याचा. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं, की लोक गीझर बंद ठेवून त्यातलं पाणी ‘गार’ म्हणून वापरतात. कोमट साठलेलं पाणी लेजिओनेलासारख्या जंतूंना फार मानवतं. म्हणून यंत्रात नळाचं पाणी नको. प्यायच्या बाटलीतल्या पाण्यातही क्षार असतातच, डिस्टिल्ड पाणीच घ्यावं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी फुकटचं डिस्टिल्ड समजून बादलीत साठवणारे शेजारी मी पाहिलेत. ते पाणी कॉइलवरची धूळ आणि बुरशी धुऊन येतं.

मुळात यंत्र लागतं का, हे आधी मोजावं. ओलावा मोजणारा हायग्रोमीटर थोड्या दिरहमांत मिळतो. घरातला ओलावा ३० ते ५० टक्के पुरे, ६० च्या वर गेला की बुरशी धरते. समुद्राकाठच्या दुबई-शारजात उघड्या खिडकीतूनच तेवढा ओलावा येतो. अल ऐनसारख्या आतल्या कोरड्या भागात मात्र गोष्ट वेगळी.

तेलाचं म्हणाल, तर सुट्टीत आलेल्या सासूबाई सर्दी दिसली की म्हणतात, “अगं, नीलगिरीचे अजून चार थेंब टाक की.” मी म्हणते, “आई, बाळाच्या खोलीत नकोच.” नीलगिरी, कापूर, पुदिना यांचा उग्र वास तान्ह्या मुलांना सोसत नाही आणि ही तेलं चुकून गिळली तर झटके येऊ शकतात. बाटली कपाटात, वरच्या फळीवर. १०० मिली पाण्याला तीन ते पाच थेंब, अर्धा तास चालू, मग बंद, दार उघडं. घरात मांजर असेल तर टी ट्री तेल आणूच नये, ते तिला विषारी ठरतं. ह्युमिडिफायरच्या टाकीत तर तेल टाकूच नये. संत्र्याच्या सालीच्या तेलातलं लिमोनीन काही प्लॅस्टिकं चक्क विरघळवतं.

लिफ्टमध्ये दरवळणारा बखूर, म्हणजे इथला सुगंधी धूप, मलाही आवडतो, पण तो कोळशावर जळतो. एसीच्या बंद घरात त्याचा धूर डिफ्यूझरच्या धुक्यापेक्षा वाईट. दम्याचं माणूस घरात असेल तर बखूर आणि सुगंधी तेल, दोन्ही नकोत.

नवं यंत्र घ्यायला निघाला असाल, तर आधी हायग्रोमीटर आणा आणि आठवडाभर आकडा बघा. काटा चाळिसाच्या आसपास असेल, तर ते पैसे एसीची सफाई करवून घेण्यात घाला.