२३० घोडे कमी पडतात तेव्हा

नवी फास्ट गाडी घेतली की पहिला महिनाभर माणूस धर्मराजाच्या रथात बसल्यासारखा जमिनीपासून चार बोटं वरून चालतो. सहाव्या महिन्यात तोच माणूस म्हणतो, ‘पिकअप जरा कमीच आहे, यार!’ गाडी तीच, इंजिन तेच. मग मधल्या मधे पॉवर जाते कुठे?

अप्रेझलचं लेटर हातात पडलं तो दिवस आठवा. रात्री पार्टी, दुसऱ्या दिवशी नवा फोन, आणि तिसऱ्या महिन्यात तोच वाढलेला पगार पुन्हा ‘पुरत नाही बुवा’च्या यादीत! गाडीच्या पॉवरचंही अगदी सेम टू सेम आहे. फरक एवढाच, की पगार अंगवळणी पडला तर कोणाची हाडं मोडत नाहीत.

माझीच शिडी सांगते. ड्रायव्हिंग शिकले बाबांच्या वॅगन-आरवर. मग स्वतःच्या पैशांनी घेतली सेकंडहॅण्ड पोलो जीटी टीएसआय. १.२ लीटरचं टर्बो इंजिन, १०५ हॉर्सपॉवर, शून्य ते शंभर ९.७ सेकंदांत. वॅगन-आरमधून त्यात बसले तेव्हा वाटलं, आता आयुष्यात आणखी काही नको. हे ‘काही नको’ जेमतेम दीड वर्ष टिकलं. मग आली स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०, तीही सेकंडहॅण्ड. २०१७मध्ये भारतात मोजक्याच आलेल्या या गाडीत दोन लीटरचं टर्बो इंजिन, २३० हॉर्सपॉवर आणि शंभर गाठायला ६.८ सेकंदं. चार दारं आणि ही एवढी मोठी डिकी असलेल्या गाडीला स्पोर्ट्स कार म्हणायचं का, यावर कट्टर मंडळी भांडतील. भांडू देत. पहिल्यांदा अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तेव्हा माझं डोकं सीटला चिकटलं आणि शेजारी बसलेल्या मैत्रिणीच्या तोंडून फक्त ‘आई गं’ निघालं. माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

आज? बाणेर रोडवरून ऑफिसला जाताना तीच गाडी अगदी गुणी मुलीसारखी वाटते. शेजारी बसणारे अजूनही ‘आई गं’ म्हणतात, माझंच डोकं काही चिकटत नाही. आणि रात्री झोपण्याआधी मी ‘स्टेज वन रीमॅप’चे व्हिडीओ बघत बसते.

कानाला स्पीड कळतच नाही

हा काही तुमच्या-माझ्या लोभीपणाचा दोष नाही, आपली वायरिंगच तशी आहे. शरीराला वेग जाणवतो तो मुख्यतः आतल्या कानातून. पण त्या कानाला स्पीड कळत नाही, फक्त स्पीडमधला बदल कळतो. विमान ताशी ९०० किलोमीटरने जात असताना आपण आरामात कॉफी पितो, आणि टेक-ऑफला मात्र सीटचे हात घट्ट धरतो, ते यामुळेच. म्हणजे ‘किक’ शंभरच्या स्पीडमध्ये नसते, शंभरपर्यंत पोचण्यात असते. ती सात सेकंदांत संपते.

दुसरी भानगड मेंदूची. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर प्रयोग केले, ते १९९०च्या दशकात खूप गाजले. माकडाला अचानक ज्यूस मिळाला की मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी जोरात उसळायच्या. पण दिवा लागला की ज्यूस मिळतो हे एकदा कळल्यावर ज्यूस मिळाला तरी त्या ढिम्म! आता त्या उसळायच्या दिवा लागल्यावरच. थोडक्यात काय, मेंदूला बक्षिसापेक्षा सरप्राइझ आवडतं. माझी गाडी किती जोरात ढकलणार हे माझ्या मेंदूला आता पाठ आहे. शेजारच्या सीटवरच्या पाहुण्याला ते माहीत नसतं, म्हणून ‘आई गं’ त्याच्या वाट्याला.

तिसरी गोष्ट आईला स्वयंपाकघरात न शिकता माहीत असते. अर्धा किलोच्या पिशवीत पाव किलो साखर टाकली तर हाताला लगेच कळतं. दहा किलोच्या पिठाच्या डब्यात तेवढीच साखर टाका, पत्ताही लागणार नाही. एर्न्स्ट वेबर या जर्मन डॉक्टरने १८३४मध्ये हेच नियम म्हणून मांडलं: बदल जाणवायचा तर तो आधीच्या मापाच्या ठरावीक प्रमाणात हवा. आता हे गाडीला लावून बघा. शून्य ते शंभरच्या वेळेवरून सरासरी काढली तर पोलोचा जोर साधारण ०.२९ जी येतो आणि व्हीआरएसचा ०.४२ जी. १ जी म्हणजे हातातून सुटलेला दगड ज्या दराने वेग पकडतो तो दर. रीमॅप करून शंभरची वेळ समजा सहा सेकंदांवर आणली, तरी जोर होतो ०.४७. आधीची उडी ०.१३ची, आताची जेमतेम ०.०५ची. शिडीची प्रत्येक पुढची पायरी अशी बुटकी होत जाते. बिल मात्र उंच होत जातं.

‘नंतर स्टेज टू आहे की!’

तरीही मी एका ट्यूनरकडे चौकशीला गेलेच. रीमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर बदलायचं. टर्बो जास्त हवा कोंबतो, त्या मापात पेट्रोल वाढतं आणि माझ्या इंजिनातून २९०-३०० हॉर्सपॉवर निघतात. एकही पाना न फिरवता, एका चांगल्या आयफोनच्या किमतीत!

‘मॅडम, स्टेज वन टाकलं की स्वतःची गाडी ओळखणार नाही तुम्ही,’ तो म्हणाला.

‘किती दिवस?’

तो मनापासून हसला. ‘सहा महिने धरा. नंतर स्टेज टू आहे की!’

प्रामाणिक माणूस. स्टेज टूमध्ये नवा एक्झॉस्ट, नवा इनटेक, मोठा इंटरकूलर. स्टेज थ्रीमध्ये टर्बोच मोठा. आणि प्रत्येक पायरीवर मागची एखादी वस्तू कुरकुरायला लागते. पोलो जीटीमधला सात गिअरचा ड्राय क्लचवाला डीएसजी गिअरबॉक्स २५० न्यूटन मीटर टॉर्कसाठी बनलाय. त्याच्यावर त्याहून जास्त ओझं टाकलं तर तो तक्रार करणारच. क्लच, टायर, ब्रेक, सगळेच रांगेत उभे राहून आपापला वाटा मागतात.

हे वेड आपल्यालाच आहे असंही नाही. कंपन्याही त्याच शिडीवर आहेत. पोर्शची पहिली ९११ टर्बो १९७५ची, २६० हॉर्सपॉवर. २०२५च्या टर्बो एसमध्ये ७११. बीएमडब्ल्यूच्या पहिल्या एम-फाइव्हमध्ये १९८५ साली २८६ घोडे होते, २०२४च्या मॉडेलमध्ये ७२७. पण तेवढ्यात गाडीचं वजनही सुमारे १.४ टनांवरून २.४ टनांवर गेलं. म्हणजे नव्या घोड्यांपैकी बरेचसे नवी चरबीच ओढतात!

आणि आता इलेक्ट्रिक गाड्यांनी तर सगळा हिशोबच उलटा केलाय. २०२४च्या शेवटी आलेली महिंद्राची बीई ६ घ्या. २८६ हॉर्सपॉवर आणि कंपनीच्या दाव्यानुसार शंभर ६.७ सेकंदांत. म्हणजे सिग्नलला माझ्या शेजारी उभी असलेली, मागच्या सीटवर आजी बसलेली फॅमिली गाडी मला आवाज न करता मागे टाकू शकते. ज्या आकड्याची एवढी मिजास होती, तो भाजी आणायच्या गाडीत आला. आता बोला!

रस्ता काय म्हणतो?

मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वे ९४.५ किलोमीटरचा. कारला मर्यादा ताशी १०० किलोमीटर, घाटात त्याहून कमी, आणि २०२४पासून डोक्यावर कॅमेरे. याचा अर्थ माझ्या २३० घोड्यांना काम आहे पहिली सात सेकंदं. त्यानंतर पुण्यापर्यंत मी आणि शेजारच्या लेनमधली वॅगन-आर सारख्याच.

‘पण रस्ता मोकळा असेल तर?’ हा प्रश्न मलाही पडतो. उत्तर गणितात आहे. कोरडा रस्ता, चांगले टायर आणि एका सेकंदात ब्रेकवर पाय, असं धरू. शंभरच्या स्पीडला गाडी थांबायला साधारण ७३ मीटर लागतात. १४०ला सुमारे १२८. वेग दीडपटही वाढला नाही, अंतर मात्र पावणेदोन पट! आणि अंगावर काटा आणणारी गोष्ट पुढेच आहे. शंभरवाली गाडी जिथे पूर्ण थांबते, त्याच जागेवरून १४०वाली गाडी ब्रेक दाबलेला असतानाही ताशी ११०च्या आसपास वेगाने जात असते. त्या जागी ट्रक उभा असेल तर पहिलीला शिवी सुचते, दुसरीला तेवढाही वेळ मिळत नाही.

त्यात स्पीडची सवय ही पॉवरच्या सवयीपेक्षाही लबाड. तासभर एक्स्प्रेस-वेवर पळून किवळ्याला बाहेर पडा, ६० म्हणजे रांगल्यासारखं वाटतं. काटा बघितला नाही तर आपण ४०ने चाललोय असं समजून ६०ने चालत राहतो. डोळ्यांची ही फसगत जगभरच्या ड्रायव्हर्सची होते. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकात मोठ्या चौकांच्या आधी रस्त्यावर आडवे पिवळे पट्टे रंगवायला सुरुवात झाली, ती यासाठीच. पट्ट्यांमधलं अंतर कमी कमी होत जातं, त्यामुळे वेग वाढल्याचा भास होतो आणि पाय आपोआप ब्रेकवर जातो.

१९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका भरधाव पोर्शने बाइकला धडक दिली. बाइकवरचे दोघं जागीच गेले. दोघंही आयटीतले, चोविशीतले. वीकेण्डला मित्रांबरोबर जेवून घरी निघालेले. त्या बातमीवर ऑफिसात खूप बोललं गेलं, गाडी कुणाची, वय काय, पैसा किती. मला मात्र वाटत राहिलं, की या वेगाच्या गोष्टीत आपण नेहमी स्वतःला ड्रायव्हिंग सीटवर बघतो. खरं तर आपल्यातले बहुतेक जण, बहुतेक वेळा, त्या बाइकवर असतात.

सहा सेकंदं फुकट

मग पॉवरची खाज भागवायची कुठे? मी गेल्या वर्षी चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर गेले. १९९०मध्ये सुरू झालेला, ३.७ किलोमीटरचा. पहिले काही लॅप्स मी जोशात मारले. मग शिकवणारे सर म्हणाले, ‘मॅडम, आता तुम्ही शेजारी बसा.’ माझीच गाडी, तेच टायर, तेच पेट्रोल आणि वर माझं वजन. एका लॅपमध्ये त्यांनी माझ्यापेक्षा सहा सेकंदं कमी घेतली! सरळ रस्त्यावर ते माझ्याइतकेच फास्ट होते. सगळा फरक वळणांआधी आणि वळणांत होता.

तिथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. गाडीतली सगळ्यात पॉवरफुल वस्तू इंजिन नाही, ब्रेक आहे. इंजिन मला ०.४२ जीने पुढे ढकलतं, पण चांगल्या टायरवर ब्रेक मला त्याच्या दुपटीने मागे खेचतो. वळणातही जवळजवळ तेवढाच जोर मिळतो. म्हणजे ज्या थ्रिलसाठी मी पैसे मोजायला निघाले होते, तो गाडीत आधीपासूनच होता, फक्त दुसऱ्या पेडलखाली. शिवाय वळण रोज नवं असतं. कधी लाइन चुकते, कधी ब्रेक लवकर दाबला जातो, कधी सगळं जमून येतं. मेंदूला हवं असलेलं सरप्राइझ मिळत राहतं.

मग रीमॅपची इच्छा गेली? छे! रात्रीचे व्हिडीओ चालूच आहेत. फक्त त्या पैशांतून मी चार नवे टायर घेतले आणि उरलेले पुढच्या ट्रॅक डेसाठी ठेवले. बाबा विचारतात, ‘एवढं पळवून जायचंय कुठे?’ त्यांना सांगितलं, ‘कुठेच नाही. गोल फिरून परत तिथेच.’

पॉवर वाढवायच्या आधी हे बघा

* टायरचं वय: टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. टायर म्हातारा असेल तर आधी तो बदला, घोड्यांचं नंतर बघू.

* ब्रेक ऑइल: हवेतली ओल शोषून ते हळूहळू कमकुवत होतं. दर दोन वर्षांनी बदललेलं बरं.

* कायदा: गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९मध्ये हे स्पष्ट केलंय. २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

* इन्शुरन्स: कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी आडवा येऊ शकतो. शर्यत आणि स्पीड टेस्टिंग साध्या पॉलिसीत बसत नाही, तेव्हा ट्रॅकवर जाण्याआधी विचारून घ्या.

* पेट्रोल: रीमॅप बऱ्याचदा जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलवर बेतलेला असतो. ते प्रत्येक पंपावर मिळत नाही. गावाला जाताना काय करणार?

* आणि शेवटचं: एक दिवस शिकवणाऱ्याला शेजारी बसवा आणि तुमची गाडी त्याला चालवू द्या. तुमच्याकडे किती पॉवर शिल्लक आहे, ते तेव्हा कळेल.