चार प्रोसेस म्हणजे चौपट वेग?

मिरचीचा हंगाम ऐन भरात आहे. नंदुरबारच्या बाजारातले रोजचे भाव दाखवणारं एखादं वेब ॲप शहाद्यापासून नवापूरपर्यंतचे शेतकरी एकाच वेळी उघडतात, असं समजा. ॲप पायथनमधलं, सर्व्हर लिनक्सवरचा, प्रोसेसर दोन कोअरचा. एका प्रोसेसला हा भार झेपेना, म्हणून कमांड लाइनवरून आणखी सुरू करायच्या ठरल्या, की पुढचे गैरसमज आड येतात.

गैरसमज : तीच कमांड चारदा दिली की चार प्रोसेस चालू.
वस्तुस्थिती : दुसऱ्याच वेळी 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' असा एरर येतो, कारण पोर्ट आधीच अडवलेला असतो. गनिकॉर्नसारख्या सर्व्हरला 'वर्कर्स'पुढे 4 लिहून एकच कमांड द्यायची. मुख्य प्रोसेस पोर्ट उघडते आणि चार वर्कर त्याच पोर्टवरच्या विनंत्या घेतात. दुसरा मार्ग म्हणजे 8001, 8002 असे वेगवेगळे पोर्ट देऊन पुढे एनजिनएक्स बसवणं.

गैरसमज : जितके वर्कर जास्त, तितका वेग जास्त.
वस्तुस्थिती : कोअरची दुप्पट अधिक एक, हा गनिकॉर्नचा सुरुवातीचा ठोकताळा. दोन कोअरला पाच. वर्करला 150 एमबी लागत असेल, तर पाचांना साधारण 750 एमबी. एक जीबीच्या सर्व्हरवर दहा वर्कर चालवले, तर मेमरी अपुरी पडून सगळंच रखडतं. शिवाय प्रत्येक वर्कर डेटाबेसशी वेगळी जोडणी करतो, आणि पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये मूळ मर्यादा 100 जोडण्यांची आहे.

गैरसमज : व्हेरिएबलमध्ये ठेवलेला भाव सगळ्या वर्करना दिसतो.
वस्तुस्थिती : प्रत्येक प्रोसेसची मेमरी वेगळी. नवा भाव एकाच वर्करकडे पोचतो, बाकीचे जुनाच दाखवतात. शेतकऱ्यानं पान रिफ्रेश केलं की कधी आजचा भाव, कधी कालचा! एकट्या प्रोसेसवर चाचणी घेताना ही चूक सापडत नाही. भाव, लॉगिन, मोजणी असं सामाईक सगळं डेटाबेसमध्ये किंवा रेडिसमध्येच हवं.

गैरसमज : शेवटी '&' लावला की सर्व्हर कायमचा चालू.
वस्तुस्थिती : त्यानं प्रोसेस फक्त बॅकग्राउंडला जाते, टर्मिनल बंद होताच तीही बंद पडू शकते. 'नोहप' तेवढ्यापुरतं वाचवतं, पण सर्व्हर रीस्टार्ट झाला की त्याचा उपयोग नाही. वर्कर मेला तर मुख्य प्रोसेस नवा उभा करते. मुख्य प्रोसेसच मेली तर तिला उठवायला सिस्टमडी लागतं. त्यात सर्व्हिस 'इनेबल' करून 'रीस्टार्ट'ला 'ऑलवेज' लिहावं, आणि हंगामाआधी सर्व्हर एकदा मुद्दाम रीबूट करून ॲप आपोआप वर येतं का, ते पाहावं.