घंटेवाचून काम

तासाची घंटा झाली की शिक्षक खडू-डस्टर घेऊन वर्गाकडे निघतात. ‘आज शिकवावे की नाही?’ असा प्रश्न त्या क्षणी मनात येत नाही. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या चित्रकाराला, मूर्तिकाराला किंवा संगीतकाराला मात्र घंटाही नसते आणि हजेरीपटही नसतो. आजचे काम राहिले तर कोणी विचारत नाही. ते कळते घरभाडे द्यायची वेळ आली म्हणजे. आपले काही विद्यार्थी पुढे याच वाटेने जातात. ‘मनाचा निग्रह हवा’ एवढे सांगून त्यांचे भागेल का?

सवय म्हणजे ठरावीक खूण मिळताच, फारसा विचार न करता सुरू होणारी कृती. अमेरिकेतील ‘एमआयटी’ या संस्थेत अ‍ॅन ग्रेबिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी ‘टी’च्या आकाराच्या मार्गातून धावायला उंदरांना शिकवले व त्यांच्या मेंदूतील स्ट्रायाटम या भागातील पेशींचे कार्य नोंदले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात असे दिसले, की सराव झाल्यावर पेशींची सक्रियता मुख्यतः धावेच्या आरंभी आणि शेवटी एकवटते. सुट्या हालचालींची जणू एक पुडी बांधली जाते आणि खूण मिळताच ती सुटते.

आता कोणी म्हणेल, की चित्र काही असे आपोआप काढता येत नाही. हे खरेच आहे. रचना, रंग, चुकलेली रेषा यांचा विचार जागेपणीच करावा लागतो. सवय लावायची ती कामाला बसण्याची. रशियन संगीतकार चायकोव्हस्की यांनी १८७८ साली मॉस्कोच्या संगीत विद्यालयातील नोकरी सोडली. पुढे क्लिन गावाच्या परिसरात राहत असताना त्यांच्या कामाच्या वेळा ठरलेल्या असत आणि दुपारच्या जेवणानंतरचा सुमारे दोन तासांचा फेरफटकाही ठरलेला असे. आपल्याकडील रियाजात तरी वेगळे काय असते? तीच वेळ, तीच बैठक आणि तानपुऱ्याचा सूर. गवयाची घंटा हीच.

सवय जडायला किती दिवस लागतात? ‘एकवीस दिवस’ हे उत्तर लोकप्रिय आहे, पण त्याला भक्कम आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांना रोज ठरावीक प्रसंगी एक साधी कृती करायला सांगून १२ आठवडे नोंदी घेतल्या. २०१० साली छापलेल्या या अभ्यासात मध्यक आला ६६ दिवसांचा. व्यक्तिगत अंदाज मात्र १८ ते २५४ दिवस असे पसरलेले होते. यातले मोठे आकडे अर्थातच गणिताने पुढे वाढवून काढलेले आहेत. धीर देणारी गोष्ट अशी, की एखाद्या दिवसाचा खाडा पडला तरी सवय जडण्याच्या क्रियेत फारसा फरक पडला नाही.

यावरून काही गोष्टी सुचतात. कामाचा आरंभ रोज हमखास घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला जोडावा. उदाहरणार्थ, सकाळचा चहाचा कप विसळला की ब्रशचे पाणी भरायचे. पहिली पायरी इतकी लहान असावी, की ती टाळायला निमित्तच उरू नये. उठताना उद्याचा कागद फळ्यावर लावून ठेवावा. आणि खाडा पडलाच, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट काम करण्याची शिक्षा स्वतःला देऊ नये. नेहमीच्या वेळी नेहमीसारखे बसावे.

हा प्रयोग वर्गातही करता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने एक छोटी कृती व तिची खूण निवडावी आणि ती कृती किती आपोआप घडली याला रोज १ ते १० गुण द्यावेत. दोन महिन्यांनी आलेख काढावा. तो सुरुवातीला भरभर चढून पुढे सपाट होतो का, ते पाहावे. प्रत्येकाचा आलेख वेगळा येईल आणि ‘मला जमतच नाही’ म्हणणाऱ्याला आपली रेषाही चढते आहे, हे कदाचित स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. शाळेची घंटा दहावीनंतर सुटते. त्याआधी प्रत्येकाला स्वतःची घंटा बांधता आली पाहिजे.