एका टाकीत दोन एंजल मासे

शोभेच्या टाकीत तुम्ही एंजल मासा पाहिला असेल. त्रिकोणी अंगाचा, लांब परांचा तो मासा गोड्या पाण्यातला. त्याचे मूळ घर ॲमेझॉनचे खोरे. आज ज्याची ओळख करून घ्यायची, तो एंजल समुद्रातला, प्रवाळांत राहणारा. नाव एक असले तरी दोघांची कुळे वेगळी. (एंजल म्हणजे देवदूत, म्हणून याला ‘देवमासा’ मात्र म्हणू नका. तो प्राणी निराळाच, आणि मासाही नव्हे!) समुद्री एंजलच्या गालावर मागे वळलेला एक टोकदार काटा असतो. भांडणात तो चांगलाच बोचतो.

पॅसिफिक महासागरातला ‘फ्लेम एंजल’ जेमतेम बोटभर लांब, शेंदरी तांबडा, अंगावर काळे उभे पट्टे. समजा, एका हौशी माणसाने असे दोन सारख्याच आकाराचे मासे आणून एकदम टाकीत सोडले. दुसऱ्या दिवशी एकाचे पर फाटलेले, आणि तो पाण्याच्या पृष्ठभागाजवळ कोपऱ्यात दडून बसलेला. असे का झाले? दोघेही नर असतील, असे तुम्ही म्हणाल. तसेही असेल, पण दोन्ही माद्या असत्या तरी बहुधा हेच घडले असते.

कारण मोठे गमतीचे आहे. या लहान एंजल माशांत प्रत्येक जण आधी मादी असतो. एक नर आणि त्याच्या काही माद्या असा त्यांचा कळप. नर नाहीसा झाला की सर्वांत वरचढ मादी काही आठवड्यांत नर बनते. याच गटातील एका जातीत हा बदल मोयर आणि नाकाझोनो या शास्त्रज्ञांनी जपानच्या मियाके बेटाजवळ अभ्यासून १९७८ साली प्रसिद्ध केला. म्हणजे येथे आधी मान ठरतो आणि त्यावरून लिंग! मान ठरतो तो मुख्यतः आकारावरून. आकार सारखा असला की निकाल लागत नाही, आणि झुंज लांबते.

समुद्रात हरलेला मासा पळून जातो आणि भांडण तेथेच संपते. काचेच्या टाकीत तो पळणार कोठे? जिंकणाऱ्याला तो सारखा समोर दिसतो, म्हणून मार थांबत नाही. हरलेला मासा खाणे सोडतो आणि काही दिवसांत मरतो.

तेव्हा जोडी लावताना एक मासा स्पष्टपणे मोठा आणि दुसरा लहान घ्यावा. लहान्याला आधी सोडावे. त्याला कपारी माहीत झाल्या की मग मोठ्याला आणावे. मोठा आधीच टाकीचा मालक होऊन बसला असेल, तर दगडांची मांडणी बदलावी. ओळखीच्या खुणा गेल्या की त्याची मालकीही ढिली पडते. सर्वांत चांगला उपाय म्हणजे टाकीत भोके असलेला पारदर्शक पडदा घालून दोघांना काही दिवस शेजारी ठेवणे. दोघे एकमेकांना पाहतात, आव आणतात, पण चावू शकत नाहीत. कपारी भरपूर हव्यात, आणि त्यांना दुसरीकडून बाहेर पडायची वाट हवी. एकाच तोंडाची कपार म्हणजे सापळाच.

पडदा काढल्यावर थोडा पाठलाग होईल, अंग आडवे करून ऐट दाखवली जाईल. त्याने घाबरू नका. मान असाच ठरतो. पण लहान मासा खायला पुढे येईना, पर फाटू लागले, कल्ले भराभर हलू लागले, की त्याच दिवशी पडदा पुन्हा घालावा. दोन मोठे नर आणून ‘एक आपोआप मादी होईल’ या आशेवर तर मुळीच राहू नये. काही जातींत नराची पुन्हा मादी झालेली आढळली आहे, पण तोवर हरलेला जगेलच याचा भरवसा नाही.

जोडी जमली की दोघे दिवसभर एकाच खडकाभोवती चरताना दिसतात. संध्याकाळी उजेड मावळू लागला, की नर मादीच्या पोटाला तोंड लावून तिच्यासह वर चढतो आणि क्षणार्धात अंडी पाण्यात सोडली जातात. म्हणून टाकी लांब असावी तशी उंचही असावी.