कुंडलिकेच्या पाण्यावर एक दिवस



गळीत हंगाम आटोपला, तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी गेल्या, की शेतकी खात्यातर्फे सभासदांची सहल काढण्याचा आपला प्रघात आहे. एरवी आपण ऊस संशोधन केंद्र किंवा एखादा बेणेमळा पाहून येतो. यंदा तरुण सभासदांनी आग्रहच धरला की एकदा पाण्यातच उतरू. म्हणून रायगड जिल्ह्यातील रोहा तालुक्यात, कोलाडला कुंडलिका नदीवर होड्या वल्हवण्याचा बेत ठरला. "पाटात पाय बुडवणारी माणसं आपण, नदीत काय दिवे लावणार?" अशी थट्टाही झाली. पण गाडी निघाली ती भरूनच.

वाटेत मुळशीचे धरण लागले. हे पाणी मूळचे आपल्या भीमा खोऱ्यातले. मुळा नदीने पुण्यावरून भीमेला मिळायचे, तिथून उजनीला जायचे, ही त्याची जुनी वाट. टाटांनी येथे धरण बांधून ते घाटाखाली वळवले. सुमारे 500 मीटर खाली भिरा येथे त्यावर वीज तयार होते. हे वीजगृह 1927 साली सुरू झाले. त्यासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या. 1921 साली सुरू झालेला मुळशीचा सत्याग्रह त्याचाच. सेनापती बापट त्यात पुढे होते.

वीज करून झालेले पाणी कुंडलिकेत सुटते आणि त्यावरच कोलाडच्या होड्या चालतात. कालव्याला पाळी असते तशी या नदीलाही पाळी आहे. पाणी सुटेपर्यंत पात्रात धोंडेच धोंडे दिसतात. बहुधा सकाळी पाणी सुटते, ते येऊन पोचले की अर्ध्या घटकेत नदी भरून वाहू लागते. पाटकऱ्याची वाट पाहत बांधावर बसायची आपल्याला सवय आहेच. तसेच आम्ही काठावर बसून राहिलो.

आधी अंगात तरंगती जाकिटे आणि डोक्यावर शिरस्त्राण चढवले. पोहता येणारे दोघे-तिघे म्हणाले, "आम्हाला कशाला?" वाटाड्याने स्पष्ट सांगितले, जाकीट नाही तर होडी नाही. पट्टे ओढून बघितल्यावाचून त्याने कुणाला पुढे सोडले नाही. साजे गावापासून रबरी तराफ्यातून सुमारे बारा किलोमीटरचा उतार आहे. सगळ्यांची वल्ही एका वेळी पडली तर तराफा नीट जातो, नाहीतर जागीच गरगरतो. आमच्यातले एक आबा मग म्हणाले, "हे बैलजोडीसारखंच हाय. एक ओढतो, दुसरा बघतो, तर औत चालत न्हाई."

पुढे संथ पाण्यात कयाक आणि कनू मिळाल्या. कयाकच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात, कनूच्या वल्ह्याला एकाच टोकाला. कयाक हलकी, जरा कललात की उलटते. दोघेजण पाण्यात पडलेही, पण जाकिटाने तरंगत राहिले. मग त्या थट्टेखोरांनीही आपले पट्टे पुन्हा घट्ट केले.

खरी चर्चा झाली ती दुपारी जेवणावर. "हे आपलं पाणी, समुद्राला चाललंय. पुन्हा पूर्वेला वळवलं पाहिजे," असे एकाने काढले. ही मागणी आपल्या भागात अधूनमधून होतच असते. शेजारी बसलेले स्थानिक शेतकरी शांतपणे म्हणाले, "दादा, खाली डोळवहाळचा बंधारा बघून जा. त्याच्या कालव्यांवर आमचा भात आहे. धाटावच्या कारखान्यांनाही हेच पाणी लागतं. आमचं काय करायचं ते पण सांगा." यावर आमच्यातल्या कुणालाच उत्तर सुचेना.

या प्रश्नाचा निवाडा आपण पत्रिकेच्या पानावर करू शकत नाही. पण त्या पंगतीत एक हिशेब मात्र आम्ही मांडला. एका एकरात तीन इंच पाणी दिले म्हणजे सुमारे तीन लाख लिटर पाणी झाले. मोकाट पाटाने रात्रभर दारे सोडून झोपलो तर किती जाते, ते ज्याचे त्याने पाहावे. दुसऱ्या खोऱ्याचे पाणी मागायचे तर आपल्या बांधावरचे आधी मोजलेले बरे. आबांनी तिथेच सांगितले, "साहेब, यंदाच्या लागणीला माझं ठिबकात नाव घाला." परतीच्या गाडीत आणखी काही नावे आली.

येताना नागोठणे-वडखळमार्गे पेणला उतरून गणपतीचे कारखाने पाहिले, पोह्याचे पापड घेतले आणि खोपोलीवरून घर गाठले.

कोणी सभासद कुटुंबासह जाणार असतील त्यांनी जाकिटाशिवाय पाण्यात उतरू नये आणि वाटाड्याचा शब्द मोडू नये. नदी कोरडी दिसली म्हणून पात्रात उतरून बसू नये, पाणी केव्हाही सुटते. मुसळधार पावसात तर नदीवर जाऊच नये.

ठिबकासाठी नावे गट ऑफिसात नोंदवावीत. लागणीपूर्वी आमचे कर्मचारी शेतावर येऊन मोजणी करतील.

— ऊस विकास अधिकारी