तिघांची वाट

सांख्यकारिकेच्या एकविसाव्या कारिकेत ईश्वरकृष्णाने पुरुष आणि प्रकृतीच्या संयोगाला आंधळ्या-पांगळ्याची उपमा दिली आहे. पांगळ्याला दिसते, आंधळ्याला चालता येते. एक दुसऱ्याच्या खांद्यावर बसतो आणि वाट सरते. गौडपादांच्या भाष्यात या गोष्टीचा शेवटही येतो : मुक्कामाला पोहोचल्यावर दोघे वेगळे होतात. हा न्याय मला ग्रंथातून कळण्याआधी कळला तो अमरावतीला, अंबापेठेतल्या मामांच्या संगणकावर.

'द लॉस्ट व्हायकिंग्ज' हा खेळ १९९३ साली कॅलिफोर्नियातील सिलिकॉन अँड सिनॅप्स या कंपनीने तयार केला. पुढे हीच कंपनी ब्लिझार्ड या नावाने प्रसिद्ध झाली. परग्रहावरच्या टोमेटरने पळवून नेलेले तीन व्हायकिंग घरची वाट शोधतात, एवढीच कथा. एरिक धावतो, उडी मारतो आणि डोक्याच्या धडकेने भिंत फोडतो. बेलिऑगजवळ तलवार आणि धनुष्य असते. ओलाफजवळ फक्त ढाल. ना त्याला उडी मारता येते, ना लढता येते.

एकटा खेळणारा एका वेळी एकालाच हलवू शकतो. बाकीचे दोघे जागीच थांबतात. त्यामुळे खरे कोडे क्रमाचे असते. समोरून मारा होत असेल तर आधी ओलाफ ढाल धरून उभा राहतो. लांबचा खटका बेलिऑगच्या बाणाने दाबला जातो. ओलाफने ढाल डोक्यावर धरली की तिच्यावर चढून एरिक उंच कठडा गाठतो. तीच ढाल धरून ओलाफ उंचावरून अलगद खाली तरंगतो.

या खेळाची कल्पना १९९१ च्या 'लेमिंग्ज'वरून सुचली होती. तिथे कळपातले ठरावीक टक्के जीव वाचले की टप्पा पार होतो. इथे तसे नाही. तिघांपैकी एक जरी मेला, तरी उरलेल्या दोघांना दारापर्यंत जाऊन उपयोग नसतो. टप्पा पुन्हा पहिल्यापासून.

आम्हीही तिघेच होतो. थोरला मामेभाऊ एरिक चालवायचा, मी बेलिऑग आणि धाकटा ओलाफ. उन्हाळ्याच्या दुपारी कूलर घरघरत असायचा आणि हमखास लाइन जायची. प्रत्येक टप्प्याला चार अक्षरी संकेतशब्द असे. धाकटा तो हिशेबाच्या वहीत लगेच टिपून ठेवी, म्हणून लाइन आल्यावर खेळ तिथूनच सुरू करता येई. थोरला ओरडायचा, "समोर जाय ना बे, लवकर!" धाकटा शांतपणे म्हणायचा, "थांब ना भाऊ. मी मेलो तं तू बी राह्यतं इथंच."

पुढे थोरला पुण्याला नोकरीला लागला, मी मुंबईला आलो. आजोबांचे आजारपण आणि अकोल्याजवळची कोरडवाहू शेती धाकट्याच्या वाट्याला आली. तो मागे राहिला, असे आम्ही कितीतरी वर्षे सहज बोलत आलो. खेळाचा नियम लावून पाहिला तर हा शब्द चुकीचा ठरतो. घराकडे येणारा मारा तो अंगावर घेत होता, म्हणून आम्हाला उडी मारता आली. मात्र मुक्कामाला पोहोचल्यावर आम्ही गौडपादांच्या गोष्टीतल्यासारखे वेगळे झालो. व्हायकिंगांना ती मुभा नसते.

२०१४ मध्ये ब्लिझार्डने हा जुना खेळ मोफत उपलब्ध करून दिला. गेल्या दिवाळीत तो मी माझ्या लॅपटॉपवर घेऊन धाकट्याकडे गेलो. दुसऱ्या टप्प्याचा संकेतशब्द मला आठवेना. त्याने हातातला चहा खाली ठेवला आणि न अडखळता सांगितला : जी, आर, आठ, टी. मग खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसला आणि ओलाफ माझ्याकडे देत म्हणाला, "आता तू धर ढाल."