कैद्यावर टाकलेला विश्वास

हिजरी सन २. रमजानच्या १७ तारखेला बद्रची लढाई झाली आणि मक्केचे सुमारे ७० जण मुसलमानांच्या हाती कैद झाले. सुटकेसाठी फिदिया, म्हणजे मोबदला ठरला. काहींजवळ द्यायला पैसा नव्हता, पण लिहिता-वाचता येत होते. अशांनी मदीनेतील दहा-दहा मुलांना लिहायला शिकवावे आणि मोकळे व्हावे, असा निर्णय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिल्याची नोंद सीरतच्या ग्रंथांत आहे. काल तलवार घेऊन समोर उभा राहिलेल्या माणसापुढे आपली मुले शिकायला बसवणे सोपे नव्हते. पण कैद्याकडेही समाजाला देण्यासारखे काही असते, यावर तो विश्वास होता.

असाच विश्वास आपल्या माणदेशात १९३९ साली टाकला गेला. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या साथीने आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत वसवली. नाव ठेवले स्वतंत्रपूर. उंच तट नाही, अंधारी कोठडी नाही. शिक्षा भोगणारा माणूस बायकामुलांसह राहतो आणि शेती करतो. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ याच प्रयोगावरून सुचला. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच मुलखातले. सिनेमा सर्वांना आठवतो; ती वसाहत सांगली जिल्ह्यात आजही सुरू आहे, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते.

तिथून पळायचे ठरवले तर संधी रोज आहे. पण पळणारा आपल्या लेकरांचे छप्पर गमावतो आणि कष्टाने परत मिळवलेली पतही. ही जाणीव भिंतीपेक्षा भक्कम ठरते. बंद तुरुंगात मात्र कधी उठायचे, काय खायचे, कधी झोपायचे हे दुसरेच ठरवतात. दहा-बारा वर्षे असा जगलेला माणूस एके दिवशी बाहेर येतो, तेव्हा स्वतःचा निर्णय घेण्याची सवयच मोडलेली असते. घर भाड्याने मिळत नाही, कामावर कोणी ठेवत नाही. मग जुने सोबती तेवढे ओळख दाखवतात.

म्हणून पुनर्वसनाची सुरुवात शिक्षा चालू असतानाच व्हायला हवी. महाराष्ट्रात २०२२ साली पुण्याच्या येरवडा कारागृहातून ‘जिव्हाळा’ कर्ज योजना सुरू झाली. तुरुंगातील कामाची मजुरी लक्षात घेऊन राज्य सहकारी बँक बंद्याला ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज देते. त्या पैशातून घरच्यांचा दवाखाना, मुलांची फी भागते. आत असलेला बाप घरात पुन्हा कर्ता होतो.

ही झाली शिक्षा झालेल्यांची गोष्ट. तुरुंगातली बहुतेक माणसे मात्र कच्चे कैदी आहेत. २०२२ अखेर देशातील ५ लाख ७३ हजारांहून अधिक बंद्यांत दर चौघांतील तिघांचा खटला अजून निकाली निघायचा होता. जामीन मंजूर होऊनही रक्कम नाही, म्हणून आत राहिलेलेही त्यांत असतात. अशा गरीब बंद्यांसाठी केंद्राने २०२३ साली योजना आणली. २०२३ साली तिच्यात जामिनासाठी ४० हजार, तर शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५ हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकीलही देते. अडचण अशी की, हे घरच्यांपर्यंत पोहोचतच नाही. शेजारच्या शिकलेल्या माणसाने एक अर्ज लिहून दिला, तरी एखाद्याची ईद किंवा दिवाळी घरी होऊ शकते.

कुरआनने जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत. गुलामीतून मान सोडवणे आणि कर्जात बुडालेल्याला हात देणे ही कारणेही त्यांत आहेत. रमजानमध्ये जकातीचा हिशेब मांडताना जामिनाअभावी अडकलेल्या गरिबाची आठवण ठेवायला हरकत नाही. आणि जकात ज्यांच्यावर नाही, त्यांच्याकडेही देण्यासारखे पुष्कळ आहे : सुटून आलेल्याला दुकानात काम, राहायला खोली आणि त्याच्या मुलाला शाळेत इतरांसारखी वागणूक. शिक्षा न्यायालयाने दिली, ती त्याने भोगली. तिच्यात आपण भर घालू नये.